त्या जुन्या डब्लिनच्या फोटोत आम्ही पण आहोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत डब्लिनवर एक प्रवासलेख आला होता, माझ्या भावाने ठाण्याहून त्याचा फोटो काढून मला पाठवला. लेख मनापासून लिहिलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात एक वाक्य आहे की डब्लिन दोन दिवसांत आरामात उरकतं, एक दिवस पब आणि गिनेस बिअर, दुसरा दिवस ट्रिनिटी कॉलेज, बाकी आता सगळं कॉम्प्युटर कंपन्यांचं शहर झालंय. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. मी १९८३ च्या सप्टेंबरमध्ये ह्यांच्याबरोबर इथे आले तेव्हा चोवीस वर्षांची होते, आज सहासष्ट पूर्ण झालीत, म्हणजे बेचाळीस वर्षं, आणि माझं अजून हे शहर उरकलेलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण शेवटची विनंती तेवढी ठेवा.

आत्ताच लिहायला बसायचं आणखी एक कारण झालं. गिरगावातली आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करताना वहिनीला आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत नाडीने बांधलेला एक गठ्ठा सापडला. माझी पत्रं. १९८३ पासून पुढची दहा-बारा वर्षं मी आईला डब्लिनहून लिहिलेली निळी एअरोग्रामं, आईने तारखेप्रमाणे लावून ठेवलेली. रद्दीवाला दारात होता, वहिनीने अक्षर ओळखलं म्हणून ती बचावली. आता ती माझ्या टेबलावर आहेत आणि मी रोज रात्री दोन-तीन वाचते. पहिल्याच पत्रात मी लिहिलंय, "आई, इथे वीज पैसे टाकल्यावर येते."

हे खरंच तसंच होतं. आम्ही पहिली दोन वर्षं रॅथमाइन्स भागात एका जुन्या लाल विटांच्या घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचो. त्याला बेडसिट म्हणत, त्याच खोलीत पलंग, शेगडी, बेसिन आणि बाथरूम जिन्यावर, चार बिऱ्हाडांत एक. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, चाळीत वाढलेल्या माणसाला कॉमन संडासाचं काय कौतुक. पण मीटर नवीन होता. दाराजवळ भिंतीवर एक पेटी, त्यात पन्नास पेन्सचं नाणं टाकून मूठ फिरवायची, मग वीज. भात अर्धा शिजलेला असताना मीटर संपला की अंधारात पर्स चाचपडायची. त्या नाण्यावर लांब चोचीचा एक पक्षी होता, वुडकॉक. दहा पेन्सवर सामन मासा, पाच पेन्सवर बैल. १९२८ साली अशी जनावरांची नाणी पहिल्यांदा निघाली तेव्हा ती निवडणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष कवी येट्स होता, आणि त्यांनी राजाचं डोकं वगैरे न घेता शेतातली जनावरं घेतली, कोंबडी पिल्लांसकट, डुक्कर पिल्लांसकट. पुढे तोच येट्स वीस पौंडांच्या नोटेवर आला. २००२ साली युरो आला आणि हे सगळं गेलं. माझ्याकडे ते वुडकॉकवालं एक नाणं देवघरात चांदीच्या रुपयाच्या शेजारी आहे, कारण त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या घरी लक्ष्मी म्हणजे तेच होतं.

हिवाळा म्हटला की कोळसा. आजच्या डब्लिनात येणाऱ्या पोरांना सांगून पटत नाही की ऐंशीच्या दशकात या शहरात संध्याकाळी चार वाजल्यापासून घराघरातल्या चिमण्यांमधून धूर सुरू व्हायचा आणि वारा नसला की तो खालीच बसायचा. समोरचा दिवा दिसायचा नाही. नाक शिंकरलं की रुमाल काळा. मी पातळ वाळत घातलं आणि काजळीचे ठिपके पडून फुकट गेलं, हे पण एका पत्रात आहे. १ सप्टेंबर १९९० ला शहरात तो धुराचा कोळसा विकायलाच बंदी आली आणि त्याच हिवाळ्यात फरक कळला, छातीच्या दुखण्याने येणारे पेशंट कमी झाले असं हे सांगायचे. चांगलंच झालं. तरी पण खरं सांगते, आजही कुठे गावाकडे गेलो आणि तो कोळशाचा वास आला की माझ्या डोळ्यासमोर ती खोली, ओला कोट, आणि ह्यांची नाईट ड्युटीवर जायची घाई उभी राहते. दुसरा वास जव भाजल्याचा, नदीच्या वरच्या अंगाला गिनेसची भट्टी आहे तिथून पश्चिमेचा वारा सुटला की अख्ख्या गावावर पसरायचा. हा अजून येतो. तेवढाच एक जुना वास शिल्लक आहे.

आता ब्यूलीज. याच्यावर लेखात एक ओळ तरी हवी होती. ग्राफ्टन स्ट्रीटवरचं हे कॅफे १९२७ चं. बाहेरून इजिप्शियन थाटाची रंगीत नक्षी, दार उघडायच्या आधीच कॉफी भाजल्याचा वास रस्त्यावर, आणि आत मार्बलची टेबलं, लाल मखमली बाकडी, खरी शेकोटी, काळा ड्रेस आणि पांढरा एप्रन घातलेल्या बायका ट्रे घेऊन फिरतायत. मी गिरगावातली, इराण्याकडे मार्बलच्या टेबलावर ब्रून मस्का खाऊन मोठी झालेली, मला आत पाऊल टाकल्यावर रडू आलं होतं कारण परक्या मुलखात पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं दिसलं. एक पॉट चहा आणि वर साखरेचा पाक लावलेला चिकट बन, एवढ्यावर दोन तास बसा, कोणी उठवायचं नाही. शेजारी कोण बसलंय याचा हिशोब नाही, एका टेबलावर वकील, दुसऱ्यावर पिशव्या घेतलेली म्हातारी, तिसऱ्यावर कॉलेजची पोरं एका कपात चौघं. मागच्या दालनात भिंतीत सहा मोठ्या रंगीत काचेच्या खिडक्या, हॅरी क्लार्क नावाच्या डब्लिनच्याच कलाकाराने केलेल्या, बिचारा १९३१ साली एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. दुपारी ऊन असलं (डब्लिनात असलं तर) की त्या काचांचा निळा-लाल उजेड टेबलावरच्या दुधाच्या भांड्यात पडायचा. मी तिथे बसून आईला पत्र लिहायचे. एका एअरोग्रामवर चहाचा गोल डाग आहे, तो तिथलाच.

चहावरून आठवलं, आयरिश माणूस चहाच्या बाबतीत आपलाच आहे. कडक, दूध घातलेला, दिवसातून सहा वेळा, आणि घरी गेल्यावर "घेणार ना" विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही, आमच्या कोकणात हेच चालतं. इंग्लंडमध्ये एकदा नको म्हटलं तर खरंच देत नाहीत, तिथे मी दोन दिवस चहावाचून काढलेत.

आमची घरमालकीण मेयो काउंटीची, साठीची, विधवा. पहिले काही महिने ती मला नुसती हवामान सांगायची. मग एकदा मूर स्ट्रीटवरून मी मासे घेऊन आले. मूर स्ट्रीट म्हणजे आपल्या भाषेत भाजीबाजार, रस्त्यावर ठेले, काही जणींचा माल तर जुन्या बाबागाडीत मांडलेला, आणि विकणाऱ्या बायका सगळ्या पिढीजात, आईकडून मुलीकडे जागा आलेली. आवाज असा की कोळीवाड्याची आठवण यावी, आणि हाक मारणार "लव्ह". मला तिथे बर्फात मॅकरेल दिसला. आपल्या बांगड्याचा चुलत भाऊच तो, इथे त्याला कोणी विचारायचं नाही, स्वस्त. मी आणला, कोकम नव्हतं म्हणून चिंच घालून तिखलं केलं, वास जिना उतरून खाली गेला आणि घरमालकीण वर आली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती म्हणाली तिच्या गावी पण उन्हाळ्यात मॅकरेलचा काळ असतो, तिचा भाऊ होडीवरून आणायचा, आणि डब्लिनात आल्यापासून कोणी तिला तो करून घातला नाही. त्या रात्री ती आमच्याकडे जेवली, तिखट लागलं, डोळ्यात पाणी, पण ताट चाटूनपुसून.

त्यानंतर तिने मला तिचं डब्लिन दिलं, असंच म्हणते मी. तिच्या काळी, म्हणजे साठच्या दशकात, शोबँडचा जमाना होता. आठ-नऊ पोरं एकसारखे सूट घालून, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार, एका व्हॅनमधून गावोगाव फिरायची आणि मोठमोठ्या हॉलमध्ये नाच व्हायचा. बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या भिंतीला, आणि गाणं सुरू झालं की पुरुषांची झुंबड. दारू नाही बरं का, हॉलमध्ये फक्त लेमोनेड, आणि एखाद्याने "मिनरल घेणार का" (मिनरल म्हणजे लेमोनेडच) विचारलं म्हणजे गाडी पुढे सरकली. लेंटच्या चाळीस दिवसांत, ईस्टरच्या आधी, नाच बंद, म्हणून मग बँडवाले इंग्लंडला जाऊन तिकडच्या आयरिश लोकांसाठी वाजवायचे. रॉयल, कॅपिटल, मायामी ही बँडची नावं ती देवाची घ्यावी तशी घ्यायची. मायामीचं नाव घेतलं की थांबायची मात्र. ३१ जुलै १९७५ ला मायामी शोबँडची पोरं उत्तर आयर्लंडमधून कार्यक्रम करून परत येत असताना रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्यातल्या तिघांना मारलं. कॅथलिक, प्रोटेस्टंट दोन्ही होते त्या बँडमध्ये. ती म्हणायची, त्या दिवसानंतर तिने नाचाचे बूट घातले नाहीत.

तिनेच मला सांगितलं होतं की बसमधून "पिलरपाशी उतर". मी ओ'कॉनेल स्ट्रीटला उतरून अर्धा तास खांब शोधला. खांब नव्हताच. नेल्सन या इंग्रज आरमारी सेनापतीचा तो दगडी खांब ८ मार्च १९६६ ला स्फोटाने उडवलेला, सतरा वर्षं झालेली, तरी म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी पिलरच. मला लगेच काळा घोडा आठवला, पुतळा १९६५ सालीच हलवला तरी आपण अजून काळा घोडाच म्हणतो की नाही. शहरं अशीच बोलण्यात राहतात.

आणि बोट. डन लेअरी हे समुद्राकाठचं उपनगर, रविवारी ४६ए बस पकडून आम्ही तिथल्या लांब धक्क्यावर फिरायला जायचो, आइसक्रीम खायचो, मरीन ड्राइव्ह समजून. तिथून संध्याकाळी वेल्समधल्या होलीहेडची, म्हणजे पुढे इंग्लंडला जायची बोट सुटायची. ऐंशीच्या दशकात इथे शंभरातले सतरा बेकार अशी वेळ आली होती, नाताळ संपला की बोटीवर नुसती तरुण पोरंपोरी, बॅगा, आणि धक्क्यावर आया. माझे वडील मालवणकडचे चाकरमानी, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे आणि परत यायचे, आजी मालवणच्या किनाऱ्यावर उभी राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत हलायची नाही. मी डन लेअरीच्या धक्क्यावर एका अनोळखी बाईला तशीच उभी बघितली, ओल्या वाऱ्यात, डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली बांधलेला. मी तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिले. तिने माझा हात धरला. ओळख ना पाळख. बोट गेल्यावर ती म्हणाली, "तू पण कोणाची तरी असशील ना". हे मी त्याच रात्री आईला लिहिलं होतं आणि ते पत्र माझ्या समोर आहे.

तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता, रेडिओ होता. बारा आणि सहाला रेडिओवर अँजेलसची घंटा व्हायची, अजून होते, प्रार्थनेची घंटा. संध्याकाळच्या घंटेला मी देवाजवळ दिवा लावायचे. वेळ पाळायला सोपं, आणि तिन्हीसांजेला घंटा ऐकू येणं मला आवडायचं, कुठल्या देवाची आहे याने काय फरक पडतो. सकाळी गे बर्न. हा माणूस म्हणजे काय होतं हे आज सांगणं अवघड आहे. शनिवारी (नंतर शुक्रवारी) रात्री टीव्हीवर लेट लेट शो, १९६२ पासून १९९९ पर्यंत, आणि रोज सकाळी रेडिओवर लोकांची पत्रं वाचायचा. अख्ख्या देशाच्या स्वयंपाकघरात तो. मी इंग्लिश पुस्तकात शिकले पण डब्लिनचं इंग्लिश गे बर्नकडून शिकले.

१९८४ चा फेब्रुवारी. त्याआधी ३१ जानेवारीला ग्रॅनार्ड नावाच्या गावात पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी मेरीच्या मूर्तीपाशी एकटीच बाळंत झाली, बाळ गेलं, तीही गेली. कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्यानंतर गे बर्नकडे बायकांची पत्रं यायला लागली, वर्षानुवर्षं मनात गाडून ठेवलेलं, कोणी पन्नास वर्षांपूर्वीचं, आणि एका सकाळी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ तासभर नुसती ती पत्रं वाचली. गाणं नाही, मध्ये बडबड नाही. मी भाजी चिरत होते, सुरी ठेवली. खालून घरमालकिणीच्या खोलीतून पण तोच आवाज येत होता, तिची पण हालचाल बंद. त्या दिवशी ती वर आली नाही, मी गेले, आम्ही दोघी चहा पीत बसलो आणि बोललो नाही काहीच. तर जुनं डब्लिन म्हणजे नुसतं गोड होतं असं मला म्हणायचं नाहीये. लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना नन्सच्या लाँड्रीत राबायला डांबणारा देश होता तो, घटस्फोट नव्हता, साधी कुटुंबनियोजनाची साधनं मिळवायला पंचाईत. मी तो काळ परत मागत नाही. पण त्याच काळात एका माणसाने पत्रं वाचली आणि सगळा देश गप्प बसून ऐकत होता, हे पण मी पाहिलंय.

त्याच वर्षी जुलैमध्ये हेन्री स्ट्रीटवर डन्स स्टोअर्सच्या बाहेर पोरी पाट्या घेऊन उभ्या राहिल्या. कॅशवरच्या एका मुलीने दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूट विकायला नकार दिला, तिथे वर्णभेद आहे म्हणून, तिला सस्पेंड केलं, आणि तिच्याबरोबर दहाएक जण बाहेर पडले. विशी-पंचविशीतल्या साध्या घरातल्या पोरी, पगार नाही, पाऊस, लोक टोमणे मारायचे, सुरुवातीला तर पाठिंबा पण फार नव्हता. जवळजवळ पावणेतीन वर्षं उभ्या होत्या. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेची फळं-भाजी आणायलाच बंदी घातली, तेव्हा थांबलं. मी त्यांना कधी थर्मासमधून चहा नेऊन द्यायचे, एवढंच केलं, पण त्या मुली माझ्या त्वचेच्या रंगाच्या माणसांसाठी पावसात उभ्या होत्या हे मी विसरणार नाही. १९९० साली मंडेला डब्लिनला आले तेव्हा ते या मुलींना भेटले. आणि तो दिवस कुठला, १ जुलै. त्याच दिवशी इटलीतला वर्ल्डकप खेळून जॅक चार्लटनची फुटबॉल टीम घरी आली. अख्खं शहर रस्त्यावर!

त्या वर्ल्डकपचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २५ जून १९९०, रोमानियाशी मॅच, गोल नाही, पेनल्टी. हे वॉर्डात होते, पेशंट, नर्सेस, सफाईवाले, सगळे एका टीव्हीभोवती. पॅकी बॉनरने पाचवी पेनल्टी अडवली, डेव्हिड ओ'लेरीने शेवटची मारली, आणि ह्यांना एका नर्सने एवढी मिठी मारली की चष्मा मोडला. घरी आले ते तसेच, मोडका चष्मा हातात, आणि दारातूनच ओरडले, "आज तारीख काय आहे माहितीय का, पंचवीस जून!" कारण बरोबर सात वर्षांपूर्वी, २५ जून १९८३ ला, आपण लॉर्ड्सवर वर्ल्डकप जिंकला होता आणि आमची सगळी चाळ गच्चीवर नाचली होती. ह्यांना दोन्ही पंचवीस जून सारखेच आपले वाटायचे. हे गेले त्याला आता चार वर्षं होतील, दरवर्षी त्या तारखेला मी शिरा करते.

बाकी बरंच आहे. १९८८ ला शहराला हजार वर्षं झाली म्हणून साजरं केलं, त्या वर्षी दूधवाला दारात ठेवायचा त्या काचेच्या बाटल्यांवर शहराचं चिन्ह छापलेलं, माझी एक बाटली अजून खिडकीत आहे, तिच्यात तुळशीची काडी मूळ धरायला ठेवलीय. इथल्या कुठल्याही पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या घरी गेलात तर ती बाटली दिसेल बघा. टायटोचे चीज-अनियन वेफर्स, १९५४ पासूनची डब्लिनची कंपनी, ही चव पहिल्यांदा यांनीच काढली म्हणतात, बटर लावलेल्या पावात ते वेफर्स भरून चुरडून खायचे, माझी मुलगी त्यावरच वाढली, मी त्याला वेफरपाव म्हणायचे. क्लेरीजचं घड्याळ, ओ'कॉनेल स्ट्रीटवर, सगळ्या शहराने ज्याच्याखाली एकमेकांची वाट बघितली, आम्ही पण शनिवारी तिथेच भेटायचो. १२ जून २०१५ ला ते दुकान एका दिवसात बंद झालं, चारशे साठ लोक घरी. घड्याळ आता दुरुस्त करून परत लावलंय, पण खाली उभं राहून वाट बघणारं कोणी दिसत नाही, सगळे फोनवर लोकेशन टाकतात. वेस्टमोरलँड स्ट्रीटचं ब्यूलीज २००४ ला गेलं. ग्राफ्टन स्ट्रीटचं दोन-तीनदा बंद पडून परत उघडलं, आहे. ४६ए बस २०२५ च्या जानेवारीत संपली, तिथे आता ई२ धावते. शेवटच्या आठवड्यात लोक मुलंबाळं घेऊन मुद्दाम तिच्यात बसले, मी पण बसले, वर, पुढच्या सीटवर. शेजारचे एक आजोबा म्हणाले माझी बायको मला या बसमध्ये भेटली. मी म्हटलं, माझा नवरा मला या बसमध्ये रविवारी इंग्लिश पाट्या वाचायला लावायचा. हसलो दोघं.

आता मूळ मुद्दा. गेली काही वर्षं इथे जुन्या डब्लिनचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो फार फिरतात, आणि खाली काहीजण लिहितात की बघा, तेव्हा डब्लिन डब्लिन होतं. फोटोत गर्दी गोरी आहे एवढंच त्यांना म्हणायचं असतं, हे न कळायला मी काही आज आले नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या पेपरात पण बातम्या आल्या, फिनिक्स पार्कातला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. माझ्या चौदा वर्षांच्या नातीला बसस्टॉपवर दोन पोरांनी सांगितलं, घरी जा. ती डब्लिनात जन्मली. तिची आई, माझी मुलगी, १९८६ साली इथल्याच रोटुंडा हॉस्पिटलात जन्मली. नात घरी येऊन रडली नाही, तिने मला विचारलं, आजी, आपण इथे कधीपासून आहोत? मी ट्रंकेतली पत्रं काढली आणि त्यांच्यात एक फोटो होता तो तिला दाखवला. १९८४, ओ'कॉनेल स्ट्रीट, क्लेरीजच्या घड्याळाखाली मी, नऊवारी नाही पण गोल पातळ, वरून घरमालकिणीने दिलेला तपकिरी लोकरी कोट, हातात मूर स्ट्रीटची पिशवी, मागे गर्दी, डबलडेकर. तिने तो फोटो स्वतःच्या टेबलाशी चिकटवलाय.

तिला मी हेही सांगितलं की मालवण तालुक्यातल्या वराड गावचा एक डॉक्टर सत्तरच्या दशकात इथे येऊन स्थायिक झाला, त्याची बायको वॉटरफर्डकडची नर्स, आणि त्यांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये या देशाचा पंतप्रधान झाला. तो २०१९ च्या डिसेंबरअखेर वराडला गेला होता तेव्हा आपल्या पेपरांनी भरभरून लिहिलं. पण वराडकर एकटे नव्हते हो. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर शिकायला, नोकरीला इथे येऊन गेले, काही राहिले, बरेच दोन-चार वर्षं काढून पुणे, नागपूर, मिरज, पणजीला परत गेले. ते सगळे त्या धुरात चालले, त्या मीटरमध्ये नाणी टाकली, ब्यूलीजमध्ये बसून घरी पत्रं लिहिली. त्या जुन्या डब्लिनच्या फोटोत आम्ही पण आहोत, फक्त फोटो आमच्या माळ्यावर, ट्रंकेत, रद्दीच्या वाटेवर आहेत.

म्हणून आपल्या वाचकांना विनंती. तुमचे काका, आत्या, आजोबा, शेजारचे डॉक्टर, कोणी त्या काळात आयर्लंडला असतील तर घर आवरताना त्यांची पत्रं, फोटो, बसची तिकिटं, पाठीमागे काही लिहिलेली कार्डं टाकू नका. निदान एकदा उघडून वाचा, फोटोच्या मागे कोण, कुठे, कुठलं साल हे पेन्सिलने लिहा, आणि नातवंडांना दाखवा, इथल्या असोत की तिथल्या. मी जानेवारीत महिनाभर ठाण्याला भावाकडे आहे. माझी स्वतःची पत्रं टाइप करायचं काम मुलीने घेतलंय, आत्ता १९८६ पर्यंत आलोय. आज रात्रीचं पत्र तिच्या बारशाचं आहे, घुगऱ्यांना हरभरे मिळाले नव्हते म्हणून मी वाळवलेले वाटाणे घेतले होते, आणि घरमालकिणीने पाळण्याला बांधायला मेयोहून लाल लोकर मागवली होती.

आपली,
एक जुनी वाचक
(डब्लिन, मूळ गिरगाव)